न्यायालयातली वागणूक: तक्रार कशाची, कुठे आणि कोणत्या कागदावर

दप्तरदार

कोर्टातल्या वागणुकीबद्दलचे प्रश्न इथे पाच-सहा धाग्यांत विखुरले आहेत. न्यायाधीश बोलू देत नाहीत, साक्षीदाराला उलटतपासात छळलं, रोजनाम्यात (दर तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदीत) भलतंच लिहिलं गेलं, वकील फाईल परत देत नाही. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. महाराष्ट्रातली तालुका आणि जिल्हा न्यायालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. उच्च न्यायालयाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

बहुतेक तक्रारी एकाच ठिकाणी बुडतात. निकाल चुकला आणि वागणूक चुकली, या दोन गोष्टी अर्जदार एकाच कागदावर लिहितो. मनाई हुकूम नाकारला, पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला, कलम चुकीचं लावलं, यासाठी अपील, पुनरीक्षण किंवा रिट. न्यायाधीशाने जातीवरून किंवा लिंगावरून शेरा मारला, एकाच बाजूच्या वकिलाशी चालू प्रकरणाबद्दल चेंबरमध्ये बोलणं केलं, जवळच्या नातलगाचं प्रकरण स्वतःपुढे चालवलं, पैसे मागितले, ही वागणुकीची बाब. ती उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे जाते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे.

दोन्ही एकत्र लिहिलं की वाचणाऱ्याला आधी निकालावरचा राग दिसतो. नाराज पक्षकार आणि वकील यांच्या तथ्यहीन तक्रारींपासून प्रामाणिक न्यायिक अधिकाऱ्यांना सांभाळणं हे उच्च न्यायालयाचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईश्वरचंद जैन प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे छाननीत पहिला प्रश्न हाच असतो की ही तक्रार म्हणजे मागच्या दाराने केलेलं अपील तर नाही ना. खरा गंभीर मुद्दा हातात असेल तर तो निकालाच्या तक्रारीखाली गाडू नका.

पारिजात

उपयुक्त धागा. एक नेमका प्रश्न विचारते. पक्षकार वकिलासह हजर होता, युक्तिवादाला तयार होता, आणि रोजनाम्यात "अर्जदारातर्फे मुदत मागितली" असं आलं. आता काय करायचं? पुढच्या तारखेला तोंडी सांगितलं तर चालतं का?

दप्तरदार

@पारिजात, तोंडी सांगून भागत नाही, आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नये. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मिटवला आहे. कोर्टात काय घडलं याबद्दल न्यायाधीशाने निकालात जे नोंदवलं ते अंतिम धरलं जातं. प्रतिज्ञापत्र किंवा इतर पुरावा देऊन त्याला वरच्या न्यायालयात छेद देता येत नाही. नोंद चुकली असं वाटत असेल तर न्यायाधीशांच्या मनात प्रसंग ताजा असतानाच त्याच न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यायचं. ते केलं नाही तर विषय तिथेच संपतो. हाच दंडक रोजनाम्यालाही लावला जातो.

म्हणून क्रम असा. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाला मिळालेला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून त्या तारखेचं कामकाज वाचा. चूक दिसली की शक्यतो दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा छोटा अर्ज द्या. एक पान पुरतं. कोणत्या तारखेच्या रोजनाम्यातलं कोणतं वाक्य, प्रत्यक्षात काय झालं, आणि काय दुरुस्ती हवी. "जाणूनबुजून", "विरोधकाशी संगनमत करून" असले शब्द अजिबात नकोत, "नजरचुकीने" लिहा. अर्जाला निशाणी क्रमांक (प्रकरणाच्या दप्तरातला कागदाचा क्रमांक) पडला की नाही ते बघून घ्या आणि सोबतच रोजनाम्याच्या नकलेसाठी नक्कल विभागात अर्ज टाका.

अर्ज मंजूर झाला तर प्रश्न संपला. नामंजूर झाला तरी "तेव्हाच का बोलला नाहीत" या प्रश्नाचं उत्तर दप्तरात पडलेलं असतं.

घाटपायथा

मुद्दा कळतो, पण ज्यांच्यापुढे प्रकरण वर्षभर चालायचंय त्यांनाच "तुमची नोंद चुकली" असं लिहून देणं अनेक वकिलांना नको असतं. दर महिन्याला दहा प्रकरणं त्याच कोर्टात असतात. पक्षकाराने आग्रह धरला की वकील म्हणतात, साहेब चिडतील.

दप्तरदार

@घाटपायथा, ही भीती खरी आहे आणि तिचा तोटा पक्षकाराला होतो. त्यावर माझ्या मते दोन उपाय. एक, भाषा इतकी सपाट ठेवायची की चिडायला जागाच राहू नये. दोन, वकील तयार नसतील तर त्यांना लेखी कळवा, साधा संदेशही चालेल, की अमुक तारखेची नोंद दुरुस्त करून घ्यावी. पुढे वकिलांच्या वागणुकीचा प्रश्न आला तर तो संदेश कामी येतो.

लपून फोनवर कोर्टाचं कामकाज रेकॉर्ड करण्याचा मोह मात्र टाळा. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग केलं तर मूळ तक्रार राहते बाजूला आणि तुम्हीच चौकशीत सापडता.

सरतपास

साक्षीदाराबद्दल मी लिहितो, कारण अन्याय्य वागणूक सर्वांत जास्त तिथेच होते आणि कायद्याचं संरक्षणही तिथेच सर्वांत नेमकं आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५४ प्रमाणे असभ्य किंवा बदनामीकारक प्रश्न न्यायालय थांबवू शकतं. अपवाद फक्त वादातल्या मुद्द्याशी थेट संबंध असेल तर. कलम १५५ पुढे जातं. केवळ अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न, किंवा प्रश्न योग्य असला तरी विनाकारण दुखावणाऱ्या पद्धतीने विचारलेला प्रश्न, न्यायालयाने रोखायचाच आहे. तिथे न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग नाही. जुन्या पुरावा कायद्यात हीच कलमं १५१ आणि १५२ होती. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तरी जुने क्रमांक अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत.

हरकत कशी घ्यायची? "साहेब, हे बरोबर नाही" एवढं म्हणून खाली बसलात तर कागदावर काहीच उमटत नाही. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ११ चा आधार घ्या. प्रश्नावर हरकत घेतली आणि तरीही न्यायालयाने तो विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचं नाव आणि त्यावरचा निर्णय, हे सगळं नोंदवायचं असतं. "नियम ११ प्रमाणे प्रश्नोत्तर स्वरूपात नोंद व्हावी" अशी शांतपणे विनंती करा. एरवी साक्ष सलग निवेदनासारखी टंकली जाते, आणि छळणारा प्रश्न त्यात विरघळून जातो. वरच्या न्यायालयाला साक्षीदाराचं उत्तर दिसतं. ते कोणत्या प्रश्नाने ओढून काढलं ते दिसत नाही.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. फौजदारीत हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३१३ मध्ये आहे. साक्षीदार म्हणाला की अमुक वाक्य मी असं बोललो नाही, तर न्यायाधीश ते दुरुस्त करतात किंवा साक्षीदाराची हरकत लिहून ठेवतात. ही पायरी घाईत सर्रास गाळली जाते. "वाचून दाखवली, बरोबर आहे" हा मजकूर खाली आधीच टंकलेला असतो आणि दमलेला साक्षीदार सही करून मोकळा होतो. साक्षीदाराला आधीच बजावून ठेवा: पाच मिनिटं लागली तरी चालतील, वाचल्याशिवाय सही नाही. जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे. साक्ष इंग्रजीत टंकली असेल तर मराठीत समजावून मागायला संकोच नको.

मंजिरी_क

यात बालकांबद्दल भर घालते. पॉक्सो कायदा २०१२ (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), कलम ३३. वकिलाने बालकाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायालयाने बालकाला विचारायचे. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना मनाई आहे. बालकाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, मधे मधे विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस जवळ बसू द्यायचं. कलम ३६ प्रमाणे साक्ष देताना आरोपी बालकाच्या नजरेसमोर येता कामा नये, पण आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे आणि वकिलाशी बोलता आलं पाहिजे. आरोपीचा हा हक्क जपला नाही तर पुढे खटलाच कमकुवत होतो, म्हणून तो फिर्यादी पक्षानेही जपायचा आहे.

महाराष्ट्रातल्याच स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारायला सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं. व्याख्या फक्त बालकांपुरती नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडित व्यक्ती, मानसिक आजार किंवा ऐकण्या-बोलण्याची अडचण असलेले साक्षीदारही त्यात येतात. साक्षीच्या तारखेआधी अर्ज देऊन केंद्राची मागणी करा. त्या दिवशी सकाळी मागितलं तर "खोली मोकळी नाही" हेच उत्तर मिळतं.

पारिजात

आणि त्रास वकिलाकडून नसून न्यायाधीशांकडूनच असेल तर? "खोटं बोललीस तर आत टाकीन" असं साक्षीदाराला दरडावणं?

सरतपास

प्रश्न विचारण्याचा न्यायाधीशांचा अधिकार मोठा आहे (साक्ष्य अधिनियम, कलम १६८), आणि तो हवाच. गप्प बसून राहणारा न्यायाधीश सत्यापर्यंत पोहोचत नाही. मर्यादा रामचंदर विरुद्ध हरियाणा राज्य, १९८१ मध्ये आखली आहे. सत्र न्यायाधीशांनी साक्षीदारांना खोट्या साक्षीच्या खटल्याची धमकी दिली होती. न्यायाधीशाने सक्रिय भाग घ्यावा, पण साक्षीदाराला घाबरवू नये, गोंधळवू नये आणि कुणा एका बाजूचा वाटू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षा रद्द केली. म्हणजे दरडावण्याने नुकसान साक्षीदारापुरतं राहत नाही, अख्खा खटला कोसळू शकतो.

स्त्रियांबद्दलच्या शेऱ्यांसाठी अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, मार्च २०२१. विनयभंगाच्या आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी जामिनाची अट उच्च न्यायालयाने घातली होती. ती रद्द झाली, आणि "चांगल्या घरच्या बायका असं वागत नाहीत" असल्या विधानांपासून न्यायालयांनी दूर राहावं असं स्पष्ट सांगितलं गेलं. असा शेरा आदेशात आला असेल तर तेवढा भाग वगळून मागता येतो. त्यासाठी पूर्ण आदेश पालटावाच लागतो असं नाही.

नवखा_पक्षकार

न्यायाधीश समोरच्या वकिलांचे जुने सहकारी आहेत. प्रकरण दुसऱ्या कोर्टात नेता येईल का?

दप्तरदार

@नवखा_पक्षकार, नुसती जुनी ओळख पुरत नाही. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि न्यायाधीशही आधी वकील असू शकतात. न्यायाधीश पूर्वी याच प्रकरणात कुणाचे वकील होते का, निकालात त्यांचा किंवा जवळच्या नातलगाचा पैशाचा संबंध आहे का, समोरचे वकील नात्यातले आहेत का, हे तपासा. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी नातलग न्यायाधीशापुढे उभं राहायला मनाई आहे.

कसोटी रणजीत ठाकूर प्रकरणात (१९८७) दिली आहे. न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला "मी पक्षपाती आहे का" असं विचारायचं नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनाकडे बघायचं. त्याला वाटणारी शंका वाजवी असली पाहिजे. मनासारखे आदेश मिळत नाहीत ही वाजवी शंका होत नाही.

आता वेळेचा मुद्दा, जो फार थोड्यांना माहीत असतो. माणकलाल प्रकरणात (१९५७) चौकशी करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदारातर्फे वकील म्हणून उभे राहिले होते. पक्षपाताचा मुद्दा न्यायालयाला तत्त्वतः पटला. पण माणकलाल यांनी तो सुरुवातीला काढलाच नव्हता, निकाल विरोधात गेल्यावर काढला. हरकत सोडून दिली असं धरलं गेलं आणि ते हरले. म्हणून संबंध कळला की पहिल्याच तारखेला सांगा. "बघू निकाल काय लागतो" असं म्हणत थांबलात की हक्क गेला.

प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली, जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. फौजदारीत त्याच सत्र विभागात प्रकरण हलवायचं असेल तर आधी सत्र न्यायाधीशांकडे, नागरिक सुरक्षा संहिता कलम ४४८. तिथे नाकारलं तर कलम ४४७ खाली उच्च न्यायालय. संबंधित न्यायाधीशांचा अभिप्राय सहसा मागवला जातो, तेव्हा अर्जातलं प्रत्येक वाक्य ते स्वतः वाचणार हे गृहीत धरूनच लिहा.

घाटपायथा

तारखांबद्दलही लिहा. एका बाजूला मुदत आणि दुसऱ्या बाजूला दंड, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते.

निशाणी_पाच

मी लिहिते. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ नियम १. फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे परिस्थिती हाताबाहेरची असेल तर दोन, तेही दुसऱ्या बाजूची हरकत ऐकून. तीनची मर्यादा अपवादात्मक स्थितीत ओलांडता येते असं सेलम बार असोसिएशन प्रकरणात (२००५) म्हटलंय, त्यामुळे "चौथी दिली म्हणजे बेकायदा" असा हट्ट धरू नका. पण वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत हे तहकुबीचं कारण होत नाही, असं त्याच नियमात स्पष्ट लिहिलं आहे.

दर वेळी विरोधकाच्या मुदत अर्जावर तुमचं म्हणणं लेखी द्या: "हरकत आहे. ही अमुकावी मुदत. साक्षीदार हजर आहे. खर्च मिळावा." चारच ओळी. "हरकत नाही" असं लिहून देण्याची वकिलांची आपसातली पद्धत आहे आणि तिथेच पक्षकाराचं नुकसान होतं. दोन वर्षांनी विलंबाची तक्रार केली की दप्तरात तुमच्याच बाजूच्या सह्या निघतात.

निकाल राखून ठेवला असेल तर दिवाणीत युक्तिवाद संपल्यापासून साधारण ३० दिवस, अपवादाने ६०. उच्च न्यायालयासाठी अनिल राय प्रकरणातली (२००१) शिस्त आहे: तीन महिन्यांत निकाल आला नाही तर लवकर निकालासाठी अर्ज करता येतो, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं असा अर्ज मुख्य न्यायमूर्तींकडे करता येतो.

पारिजात

आता प्रत्यक्ष तक्रार अर्ज कसा लिहायचा तेही सांगा. अवमानाची भीती वाटते.

दप्तरदार

@पारिजात, न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चं कलम ६ वाचा. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे, किंवा ते ज्याच्या अधीन आहे त्या न्यायालयाकडे, सद्भावनेने केलेलं निवेदन हा अवमान नाही. संरक्षण त्या पत्त्यापुरतंच आहे. तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या गटात टाकलात किंवा वार्ताहराला दिलात की कलम ६ ची ढाल गेली.

अर्ज प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा थेट उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे. सोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र हवंच. प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा नसलेल्या तक्रारींवर कारवाई करू नये, असं सरन्यायाधीशांनी ऑक्टोबर २०१४ मध्येच उच्च न्यायालयांना कळवलं होतं. निनावी पत्रं तिथेच थांबतात. मजकुरात प्रकरण क्रमांक, तारीख, अंदाजे वेळ, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि हजर असलेल्यांपैकी कोण साक्ष देईल. ऐकीव गोष्ट वेगळ्या परिच्छेदात, ऐकीव आहे असं म्हणूनच. मागणी "चौकशी व्हावी" एवढीच. "निकाल फिरवा" ही ओळ आली की पुन्हा पहिल्या पोस्टमधली अडचण उभी राहते.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबद्दल मार्ग वेगळा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून आचारमूल्यांची १६ कलमी संहिता स्वीकारली. घरातला वकील आपल्यापुढे उभा राहू द्यायचा नाही, जवळच्या माणसाचं प्रकरण ऐकायचं नाही, नातलग आणि मित्र सोडून कुणाची भेटवस्तू घ्यायची नाही, शेअरचा सट्टा करायचा नाही, अशी ती नेमकी आहे. तिच्या भंगासाठी १९९९ ची अंतर्गत प्रक्रिया आहे. तक्रार मुख्य न्यायमूर्ती किंवा सरन्यायाधीशांकडे जाते. पदावरून दूर करणं फक्त संसदेच्या हातात: लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. ही पायरी इतकी उंच मुद्दाम ठेवली आहे आणि मला ती योग्य वाटते. सरकारविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश सहज काढता आला असता तर सामान्य पक्षकाराचंच नुकसान झालं असतं.

घाटपायथा

उंची मान्य. पण अंतर्गत प्रक्रियेत तक्रारदाराला बऱ्याचदा काय झालं ते कळतच नाही. न्यायमूर्तींची अब्रू जपायची म्हणून गुप्तता समजू शकतो. निदान "तक्रार बंद केली, कारण हे" एवढं कळवायला हवं.

दप्तरदार

@घाटपायथा, सहमत. कारण कळलं तर माणूस तीच तक्रार पाच ठिकाणी पाठवत बसणार नाही.

नवखा_पक्षकार

न्यायाधीशांना काय म्हणायचं? चुकीचं संबोधन केलं म्हणून राग येईल का?

निशाणी_पाच

@नवखा_पक्षकार, जिल्हा आणि तालुका न्यायालयात "सर", "मॅडम" किंवा "साहेब" पुरतं. भारतीय बार कौन्सिलने २००६ मध्येच "माय लॉर्ड" सोडायचा ठराव केला आहे.

वकील नेमणं परवडत नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दूरध्वनी १५१००. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मंजिरी_क

शेवटचा राहिलेला प्रश्न: वकील फाईल देत नाहीत.

सरतपास

फी थकली म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, आर. डी. सक्सेना प्रकरण, २०००. फीसाठी त्यांनी वेगळी वसुली करावी. आधी नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा, त्यात कागदांची यादी द्या आणि सात दिवसांची मुदत. नव्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करताना जुन्यांची ना-हरकत मिळत नसेल तर त्या पत्राची प्रत जोडून न्यायालयाची परवानगी मागा. प्रकरण त्यासाठी अडून राहत नाही.

मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली तक्रार. समज, ठरावीक काळ सनद निलंबित, किंवा यादीतून नाव काढणं, या शिक्षा होऊ शकतात. नुकसानभरपाई तिथे मागू नका, तो वेगळा दावा. तक्रार दाखल झाल्याची पोच जपून ठेवा आणि तारीख लिहून ठेवा. राज्य कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने वर्षभरात निकाल द्यायचा आहे. तो दिला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला भारतीय बार कौन्सिलकडे जातं. ते आपोआप हललं की नाही ते मात्र तुम्हालाच पत्र टाकून विचारत राहावं लागतं. राज्य समितीच्या निर्णयावर अपील ६० दिवसांत.